विश्लेषण : दर तीन वर्षांनी बदली, मग स्वतःचे घर घ्यायचे कुठे?

एप्रिल-मे महिना आला की सरकारी कार्यालयांत एकच चर्चा असते, यंदा कोणाची ऑर्डर निघणार? ऑर्डर हातात पडली की कार्यमुक्त होणे, नव्या ठिकाणी रुजू होणे, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, सामानाचा टेम्पो ही धावपळ ठरलेली. बँक अधिकारी, पोलीस, लष्करी जवान, अभियंते यांच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र असते. या धावपळीत एक प्रश्न वर्षानुवर्षे मागे पडतो, तो म्हणजे स्वतःचे घर घ्यायचे कुठे? जागा चुकली तर एका गावात घराचा हप्ता आणि दुसऱ्या गावात भाडे असा दुहेरी बोजा पडतो. निर्णय पुढे ढकलत राहिले तर निवृत्ती जवळ आल्यावर घाईघाईत घर घ्यावे लागते. या प्रश्नाचे गणित, कायदा आणि व्यवहार समजून घेऊ.

बदल्यांचा नियम काय सांगतो?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या बदल्यांच्या विनियमन कायद्यानुसार होतात. या कायद्यानुसार गट अ, ब आणि क मधील कर्मचाऱ्यांचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा असतो. सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या असतात. आता २८व्या वर्षी नोकरीला लागून ५८व्या वर्षी निवृत्त होणारा अधिकारी डोळ्यांसमोर आणा. दर तीन वर्षांनी बदली धरली तर त्याच्या वाट्याला दहा पदस्थापना येतात.

प्रत्येक बदलीत गाव बदलतेच असे नाही. काही वेळा त्याच शहरातले दुसरे कार्यालय मिळते. पण पुढची ऑर्डर कुठली असेल हे आधी सांगता येत नाही आणि घराच्या निर्णयात खरी अडचण तीच आहे.

सध्याच्या पोस्टिंगच्या गावात घर घेतले तर?

‘भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा हप्ता भरावा’ हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला असतो. एका ठिकाणी पंधरा-वीस वर्षे राहणाऱ्यासाठी तो ठीक आहे. तीन वर्षांत गाव सोडणाऱ्यासाठी तो कितपत लागू पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, पुण्यात ६० लाखांचा तयार फ्लॅट घेतला. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक आणि मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये होते. नोंदणी शुल्क १ टक्का असते, पण त्याची कमाल मर्यादा ३० हजार आहे. दलाली १ टक्का धरली तर ६० हजार. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत किमतीव्यतिरिक्त ५ लाख १० हजार रुपये गेले. विकताना पुन्हा ६० हजार दलाली धरली, तर घर घेणे आणि विकणे या दोन व्यवहारांचा खर्च ५ लाख ७० हजार होतो.

घर तीन वर्षांनी विकले तर हा खर्च महिन्याला सुमारे १५,८०० रुपये पडतो. आठ वर्षांनी विकले तर तो ५,९०० रुपयांवर येतो आणि दहा वर्षांनी विकले तर ४,७५० रुपयांवर.

आता कर्ज पाहू. ४८ लाखांचे कर्ज, ८.५ टक्के व्याजदर आणि २० वर्षांची मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. तीन वर्षांत जवळपास १५ लाख रुपये भरले जातात. त्यातले सुमारे ११ लाख ८७ हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते फक्त ३ लाख १३ हजार. हप्ता तोच असला तरी सुरुवातीच्या वर्षांत त्यातला मोठा वाटा व्याजाचा असतो. त्यामुळे लवकर घर विकणाऱ्याच्या हाती मुद्दल फारच थोडे लागते.

याच फ्लॅटचे भाडे महिना १८ हजार आणि दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर तीन वर्षांचे भाडे होते सुमारे ६ लाख ८१ हजार. दुसरीकडे मालकाचे व्याज, दोन्ही व्यवहारांचा खर्च, महिना ३ हजार मेंटेनन्स आणि वर्षाला १५ हजार मालमत्ता कर मिळून सुमारे १९ लाख १० हजार होतात. सुरुवातीला स्वतःच्या खिशातून घातलेले १७ लाख १० हजार बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळाले असते असे ३ लाख २७ हजार त्यात मिळवले, तर मालक भाडेकरूपेक्षा साधारण साडेपंधरा लाखांनी मागे असतो. ही तूट भरून निघायला ६० लाखांचे घर तीन वर्षांत साडेपंच्याहत्तर लाखांना विकले जावे लागेल. म्हणजे किंमत दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढायला हवी, तीही विक्रीवरचा कर धरण्यापूर्वी.

असे कधीच होत नाही असे नाही. पण घर घेताना त्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. आकडे आपापल्या शहराप्रमाणे बदलून हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. फक्त पोस्टिंग आहे म्हणून त्या गावात घर घेणे बहुतेक वेळा परवडत नाही, हे त्यातून दिसेल.

मग सुरुवात कुठून करायची?

पहिला प्रश्न बदलीच्या परिघाचा. सगळ्यांच्या बदल्या सारख्या नसतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या बदल्या प्रामुख्याने जिल्ह्याच्या आत होतात, जिल्हा बदलायचा तर आंतरजिल्हा बदलीसाठी अर्ज करावा लागतो. उपजिल्हाधिकाऱ्याला राज्यात कुठेही जावे लागू शकते. राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी किंवा लष्करी जवान यांच्यासाठी परीघ म्हणजे पूर्ण देश.

परीघ जिल्ह्याचा असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. जिल्ह्याच्या साधारण मध्यावर असलेले, एसटीची सोय असलेले शहर निवडले तर पुढच्या बहुतेक बदल्या त्याच घरातून जाऊन-येऊन निभावता येतात. अशा कुटुंबाला घर घेण्यासाठी निवृत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

परीघ राज्याचा किंवा देशाचा असेल तर घर पोस्टिंगच्या मागे धावू शकत नाही. तिथे नोकरीचे ठिकाण बाजूला ठेवून दुसरा प्रश्न विचारावा लागतो.

कुटुंब कुठे थांबणार?

बहुतेक बदलीच्या घरांत एक वर्ष असे येते की सगळ्यांनी मिळून फिरणे थांबते. मोठ्या मुलीची दहावी जवळ येते, पत्नीला किंवा पतीला एका शहरात कायमची नोकरी लागते, आई-वडिलांना गावी एकटे ठेवणे शक्य नसते. मग नोकरी करणारा एकटा नव्या ठिकाणी रुजू होतो आणि बाकीचे एका ठिकाणी राहतात. घर घ्यायचे ते या थांब्याच्या शहरात.

हिशेब इथेही करून पाहता येतो. मोठे मूल आठवीत आणि धाकटे पाचवीत असताना कुटुंब एका शहरात स्थिरावले, तर धाकट्याची बारावी होईपर्यंत आठ वर्षे जातात. वर पाहिल्याप्रमाणे आठ वर्षांत व्यवहाराचा खर्च बराच पचतो, शिवाय मोठ्या घराचे भाडे वाचते. नोकरी करणाऱ्याला शासकीय निवासस्थान किंवा लहानशी खोली पुरते. त्यामुळे हप्ता आणि भाडे दोन्ही भरावे लागले तरी त्यातले भाडे लहान असते.

थांबा ठरवताना मुलांच्या पुढच्या प्रवेशाचाही विचार हवा. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशांच्या राज्य कोट्यात दहावी-बारावी कुठून झाली आणि अधिवास कुठला, हे पाहिले जाते. राज्यात घर विकत घेतले म्हणून अधिवास प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही प्रवेशांत वेगळ्या तरतुदी आहेत. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका मूल दहावीत असतानाच वाचलेली बरी.

शहर ठरल्यावर त्यातला भागही याच नजरेने निवडावा. नोकरी करणारा शुक्रवारी रात्री येणार आणि रविवारी रात्री परतणार असेल, तर घरापासून रेल्वे स्थानक किंवा एसटी स्टँड किती दूर आहे, याला मोल आहे. गडचिरोलीत नेमणूक आणि नागपुरात कुटुंब ही विदर्भात नेहमी दिसणारी जोडी आहे, कारण शनिवार-रविवारी घरी येणे जमते. रस्त्यांमुळे ही अंतरे बदलतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावरची छत्रपती संभाजीनगर, जालना, अमरावती, नाशिक ही शहरे आता वेगळ्या हिशेबाने पाहावी लागतील.

मूळ गाव की मोठे शहर?

‘शेवटी गावालाच जायचे आहे’ असे म्हणत अनेकजण गावाकडे घर बांधतात किंवा प्लॉट घेऊन ठेवतात. आई-वडील तिथे राहत असतील, भाऊबंद लक्ष ठेवत असतील आणि निवृत्तीनंतर खरोखर तिथेच राहायचे असेल, तर निर्णय योग्यच आहे. पण आधी घरातल्या सगळ्यांना विचारावे. पंचवीस वर्षे वेगवेगळ्या शहरांत राहिलेल्या जोडीदाराला सासरच्या गावी राहायचे आहे का, हा प्रश्न अनेक घरांत घर बांधून झाल्यावर निघतो. दवाखाना किती लांब आहे, हे साठीनंतर रोजच्या जगण्याचा भाग होते.

प्लॉटच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. जमीन बिगरशेती झालेली आहे का, की गुंठेवारीतली आहे, हे कागदावर तपासावे. कागद स्वच्छ नसतील तर बँकेचे कर्ज मिळणे अवघड जाते. आणि दूर राहणाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर अतिक्रमणाचा धोका असतो. कुंपण, नावाची पाटी आणि वर्षातून एकदा सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा काढून पाहणे एवढे तरी करावे.

मोठ्या शहरातले घर महाग पडते, पण ते भाड्याने लवकर जाते आणि गरज पडली तर विकायलाही तुलनेने सोपे असते. परीघ मोठा आणि निवृत्तीचे गाव अजून ठरलेले नाही, अशा कुटुंबासाठी ही बाजू महत्त्वाची आहे.

आपण दूर, घरात भाडेकरू : कायदा काय म्हणतो?

‘भाडेकरू घर बळकावेल’ या भीतीने अनेक बदलीवाले घर कुलूप लावून ठेवतात. कायदा नीट पाळला तर ही भीती बरीच कमी होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्याचा किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते.

ही नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. त्यामुळे दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी साध्या नोटरीवर काम भागवू नये. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणेही विसरू नये.

लष्करी जवानांसाठी याच कायद्यात वेगळी तरतूद आहे. स्वतःला राहण्यासाठी घर हवे असल्यास ताबा परत मिळवण्याचा विशेष मार्ग त्यांना दिलेला आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत घर असेल तर भाडेकरू ठेवल्यावर ना-भोगवटा शुल्क द्यावे लागते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही आणि पालिकेचे कर या हिशेबात धरायचे नसतात. आई-वडील, मुले असे जवळचे कुटुंबीय राहत असतील तर हे शुल्क लागत नाही.

कराचे गणित कसे?

इथे करप्रणाली कोणती निवडली यावर सगळे अवलंबून आहे. जुन्या प्रणालीत स्वतःच्या वापरातील घराच्या कर्जावरील व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात भाड्याच्या जागेत असेल, तर व्याजाची वजावट आणि घरभाडे भत्त्यावरील सूट दोन्ही घेता येतात. आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत स्वतःच्या वापरातील घराच्या व्याजाची वजावट नाही आणि घरभाडे भत्त्याची सूटही नाही. भाड्याने दिलेल्या घराचे व्याज मात्र नव्या प्रणालीतही भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, पण त्यातून येणारा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

बदलीवाल्यांना उपयोगी पडेल असा एक बदल २०२५ च्या अर्थसंकल्पात झाला. दोन घरांपर्यंत स्वतःच्या वापराची म्हणून शून्य वार्षिक मूल्य धरता येते, ती घरे रिकामी का आहेत याचे कारण द्यावे लागत नाही. त्यामुळे गावाकडचे बंद घर आणि शहरातले राहते घर दोन्ही यात बसतात.

विकतानाही वेळ महत्त्वाची असते. घर २४ महिन्यांच्या आत विकले तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर लागतो. त्यानंतर विकले तर तो दीर्घकालीन नफा ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दराने कर आहे. ठरलेल्या मुदतीत तो नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर सूट मिळते. जुन्या प्रणालीत मुद्दलाच्या परतफेडीवर वजावट घेतली असेल आणि ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत घर विकले, तर ती वजावट परत उत्पन्नात मिळवली जाते.

बांधकाम सुरू असलेले की तयार?

दूरवर नोकरी करणाऱ्याला साइटवर चक्कर मारणे जमत नाही. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर त्याला सोयीचे. त्यावर जीएसटीही लागत नाही. सुरू असलेल्या प्रकल्पात घ्यायचेच असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि प्रकल्पाची प्रगती पाहून मगच पैसे भरावेत. फक्त महिलेच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे वरच्या उदाहरणात ६० हजार रुपये वाचतात. मात्र कर्जावरील वजावट घेण्यासाठी कर्जदाराचे नाव मालकीत असावे लागते. दोन्हींची तुलना करूनच नाव ठरवावे.

फार उशीर केला तर?

वाट पाहण्याचीही किंमत असते. पगारदाराचे गृहकर्ज साधारणपणे निवृत्तीपर्यंत फिटावे अशी बँकांची अपेक्षा असते. पन्नाशीत तेच ४८ लाखांचे कर्ज आठ वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता ४१,६५० वरून सुमारे ६९ हजारांवर जातो. त्याच सुमारास मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उभा असतो. आणि शासकीय निवासस्थान निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत रिकामे करावेच लागते.

म्हणून घर घेईपर्यंतच्या वर्षांतही तयारी चालू हवी. भाडे आणि संभाव्य हप्ता यांतला फरक दरमहा बाजूला टाकला, तर वरच्या उदाहरणात महिना २३ हजारांहून जास्त रक्कम साठते. थांब्याचे शहर ठरेल तेव्हा हीच रक्कम कर्ज लहान करते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिमाचाही विचार करता येतो. त्याची मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख, यांपैकी कमी असेल ती रक्कम आहे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

घर घेण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. पुढच्या आठ-दहा वर्षांत या घरात आपल्यापैकी कोण राहणार? कोणी राहणार नसेल तर किल्ली कोणाकडे असेल आणि भाडेकरू कोण पाहील? आणि उद्या हजार किलोमीटरवर बदली झाली तरी हप्ता आणि तिथले भाडे दोन्ही पगारात बसतील का?

तिन्ही उत्तरे एकाच शहराकडे बोट दाखवत असतील तर तिथे घर घ्यावे, मग पोस्टिंग कुठेही असो. पहिल्याच प्रश्नाला ‘माहीत नाही’ असे उत्तर आले तर आणखी एक पोस्टिंग भाड्याच्या घरात काढावे आणि फरकाची रक्कम साठवत राहावे. पुढच्या ऑर्डरनंतर हाच कागद पुन्हा काढून पाहावा. मुले तोवर तीन वर्षांनी मोठी झालेली असतील आणि कुटुंब कुठे थांबणार, याचे उत्तर बऱ्याचदा तेव्हा मिळते.